मॅडमनी न सांगितलेलं नाव

टेंभरे मॅडम गेल्याचं मला आमगावच्या बाजारात, भाजी घेताना कळलं. फोनवर आमच्या कॉलेजचा शिपाई नुसता रडत होता… आता काही आठवडे झाले, पण त्यांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चहाचा कप घेऊन शिरायची माझी अजून हिंमत होत नाही. मी शेजारच्या वनस्पतिशास्त्राचा. मॅडम दारातच ओरडायच्या, "कप बाहेर, सर! पोटात काय गेलं ते तुमच्या झाडपाल्यालाही समजणार नाही."

मॅडम चोरखमारा तलावाजवळच्या, पूर्वापार तलाव बांधणाऱ्यांच्या घरातल्या. विद्यार्थ्यांना म्हणायच्या, "तलावाची पाळ झिरपताना दिसली का पहिले बोंबलायचं. कोणाच्या म्हशीनं तुडवली, ते मागाहून." चूक सांगणाऱ्याला त्या कधी बोलल्या नाहीत, लपवणाऱ्याची मात्र खैर नसे. आम्हा बाकीच्यांना हे फाजील लाड वाटायचे.

काही वर्षांपूर्वी राइस मिलमधल्या तुसाच्या राखेतून सिलिका काढायचं त्यांचं काम चाललं होतं. पीएच.डी.चं केंद्र मिळावं म्हणून विद्यापीठाची समिती यायची होती. आदल्या दुपारी एका विद्यार्थ्याने उरलेलं नायट्रिक ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत ओतलं. आमच्याकडे रिकामी बाटली फेकत नाहीत, ही घरचीच सवय. तळाशी स्पिरिट होतं, आणि वास नको म्हणून त्याने झाकणही घट्ट लावलं. दोन्ही एकत्र आले की वायू तयार होतो, आणि बंद बाटलीत तो कोंडतो. बाटली फुगताना दिसली तसा तो मॅडमकडे धावला. त्यांनी बाटलीला कोणाला हात लावू दिला नाही, माझ्या वर्गासकट सगळा मजला रिकामा केला. आम्ही कडुनिंबाखाली कुरकुरत उभे होतो, तोच वर धडाम आवाज झाला. खिडक्यांच्या काचा खाली आल्या. कोणाला ओरखडाही आला नाही.

प्राचार्य म्हणाले, "उद्या समिती आहे. काचा लावा, विषय संपवा." मॅडमनी समितीला आधी तीच खोली दाखवली. एका सदस्याने विचारलं, "कोणी केलं?"

"नाव नाही सांगणार. आज सांगितलं, तर उद्या बाटली फुगली तरी मला कोणी सांगणार नाही."

परवानगी लांबली. त्यांच्या हाताखाली पहिली पीएच.डी. व्हायची ती राहूनच गेली, मग आजारपण आलं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. एवढा ताठा कशाला, वाटलं होतं. आज त्यांच्याएवढं धाडसी माणूस मला आठवत नाही.

शोकसभा त्यांच्या प्रयोगशाळेतच झाली. भाषणं संपत आली तेव्हा लोमेश उठला. त्यांचा जुना विद्यार्थी, आता आमच्याकडेच शिकवतो.

"ती बाटली माझी होती," तो म्हणाला. "केंद्र माझ्यापायी गेलं. मॅडमनं शेवटपर्यंत कोणाले सांगितलं नाही…"

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"सर, काल माझ्या हातून एका बाटलीचं लेबल निघालं. त्यात काय आहे, मले माहीत नाही. सांगाले भेऊन राहिली होती."

लोमेशने डोळे पुसले. "कोणती बाटली?" एवढंच विचारलं, आणि सभा तिथेच थांबवून त्याने आधी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं.