चाळीस ओळींत आलेली नात

फोटो डोळ्यांनी बघणारे जगात कोट्यवधी असतील. कानांनी ऐकून उतरवून घेणारा एकच झाला, आणि तो भोरचा, वर आमच्या गल्लीतला, हे मी आजही कॉलर ताठ करून सांगतो. आम्ही त्यांना मास्तरचाचा म्हणायचो. उभी हयात पोस्टात तारा पाठवण्यात गेलेली, त्यामुळे शब्द खर्च करणं जिवावर यायचं. शिवऱ्याला लग्नाला जाऊन आले की चाचींनी विचारावं, "कोण कोण आलतं?" आणि यांनी डोळे मिटून सांगावं, "फेटे सात, टोप्या बारा, उघडी डोकी तीन, परत फेटे चार." ज्या क्रमानं पंगत बसली त्याच क्रमानं! "अवो, नावं सांगा की माणसांची," म्हणून चाची कपाळावर हात मारून घ्यायच्या. "तुमाला पंगत दिसली का न्हाई?" दिसायची, हे मात्र खरं.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. माझा एसटीडी बूथ त्यांच्या घराला लागून होता आणि त्यांचा जावई मस्कतला कॉम्प्युटरवर कामाला. त्यानं एकदा पत्रात लिहिलं, की कॉम्प्युटरसुद्धा काही चित्रं अशीच साठवतो. चित्राच्या बारीक चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट न सांगता 'पांढऱ्या नऊ, काळ्या चार' असे झुबके सांगायचे. जागा वाचते, चित्र जसंच्या तसं राहतं. झालं! मास्तरचाचा ते पत्र खिशात घालून बाजारपेठभर हिंडले, जणू कॉम्प्युटरनं अक्कल त्यांच्याकडूनच उसनी नेली होती. त्याच पत्रात खाली जेपेग नावाचा दुसरा प्रकार होता. डोळ्याला जाणवणार नाही असं बारीकसारीक तो सरळ टाकून देतो म्हणे. त्यावर मात्र ते तीन दिवस धुमसत होते. "काय ठेवायचं न् काय टाकायचं, ह्यो कोण ठरवणार?"

मग मस्कतला नात झाली. चाचींचा पासपोर्ट अजून व्हायचा होता. लेक पहिलटकरीण, जवळ बाईमाणूस कोणी नाही. चाचींच्या घशाखाली घास उतरेना. "तिला बाळाचं काय कळतंय? कोण बगत आसंल?" लेक फोनवर "सगळं ठीक" म्हणायची, पण फोनवर सगळेच तसं म्हणतात. टपालानं फोटो यायला तीन आठवडे लागणार आणि माझ्याकडे फॅक्सचं यंत्र नव्हतं. मास्तरचाचा म्हणाले, "यंत्र कशाला? म्या हाय न्हवं."

शुक्रवारी दुपारी जावयाचा फोन आला. त्यानं नातीचा फोटो काळा-पांढरा करून चाळीस बाय चाळीस चौकटींत बसवला होता. तो ओळीमागून ओळ वाचत होता आणि मास्तरचाचा ग्राफपेपरवर पेन्सिलीनं चौकटी भरत होते. ओळीची बेरीज चाळीस आली नाही की गरजायचे, "फिरून सांगा!" बूथबाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण एकही हललं नाही. चाळिसावी ओळ झाली तेव्हा जवळून बघणाऱ्याला कागदावर नुसते डाग दिसत होते. मास्तरचाचांनी रिसीव्हर बाजूला ठेवला, कागद बूथच्या काचेला चिकटवला आणि चाचींना रस्त्याच्या कडेपर्यंत मागे नेलं. "आता डोळे बारीक करा." डागांतून एक गुबगुबीत, झोपलेलं तोंड वर आलं. असा अभिमान मला स्वतःच्या मुलाच्या निकालाच्या दिवशीही वाटला नाही.

गालावर मात्र एकच काळी चौकट होती, एकटीच. मास्तरचाचांनी त्या ओळीची बेरीज पुन्हा केली. चाळीस बरोबर. "जावई चुकला वाटतं. पुसतो," म्हणत त्यांनी खोडरबर टेकवलं, तोच चाची ओरडल्या, "हात लावू नका! काजळ हाय ते. नजर लागू नये म्हणून लावलंय पोरीनं."

आणि त्या बूथसमोरच्या बाकड्यावर मटकन बसल्या. "म्या कवा शिकवलं न्हवतं तिला," डोळे पुसत म्हणाल्या, "माजं बगूनच शिकली." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

आता मास्तरचाचा नाहीत, माझा बूथही नाही. नातीचे रंगीत फोटो चाचींच्या मोबाईलवर येतात. पण त्या दुपारचं मला अजून आठवतं. जावई तिकडे लाइनवरच होता. मास्तरचाचांनी रिसीव्हर कानाला लावला. एवढंच म्हणाले, "पोचली."