सातव्या बोअरची शेवटची पेटी

खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीत ते गोदाम सांभाळत, म्हणून सगळे त्यांना पेटीमामा म्हणत. बोअर मारताना निघालेल्या मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या पेट्यांत ओळीने लावायच्या, कितव्या मीटरच्या ते लिहायचं, एवढंच काम. पण सव्वीस वर्षांत मामांनी एक कांडी इकडची तिकडे होऊ दिली नाही. घरी मात्र चष्मा कुठे ठेवला, ते रोज मामींना विचारत.

एकदा वरून हुकूम आला: जागा हवी, जुन्या पेट्या टाकून द्या. पहिला नंबर सातव्या बोअरचा लागला. नोंदीत वरपासून खालपर्यंत ग्रॅनाइट, शेरा 'काही नाही'. मामांचा हात काही धजेना. एकदा धुऊन तरी बघू, म्हणून त्यांनी शेवटच्या पेटीवर तांब्याभर पाणी ओतलं. धुळीखालून गारगोटीच्या पांढऱ्या शिरा वर आल्या. आधी दोऱ्याएवढ्या, मग बोटाएवढ्या, आणि त्यांत पितळी ठिपके. अखेरच्या वीतभर तुकड्यात तर ग्रॅनाइट संपून काळा दगड लागला होता. नेमकी तिथेच बोअर थांबवलेली!

तो तुकडा फडक्यात गुंडाळून मामा थेट भूवैज्ञानिक बाईंकडे गेले.

"बाई, रागावू नका, पण हे बघाच."

बाईंनी भिंग लावलं. चहा निवून गेला तरी त्यांचं डोकं वर होईना.

"मामा, ग्रॅनाइट खालून वितळलेला वर घुसतो ना, तो थिजताना त्यातलं कढत पाणी भेगांतून बाहेर पळतं. तांबं, सोनं सोबत घेऊन. आणि कडेच्या दगडात निवलं, की तिथेच टाकून देतं."

"म्हणजे आपण घरभर शोधलं, आणि माल अंगणात?"

"अगदी!" बाई हसल्या.

साहेबांनी बरीच कुरकुर केली, पण बोअर पुढे नेली. आणखी तीस मीटरवर भरघोस तांबं लागलं, सोबत थोडं सोनंही. बाईंनी अहवालात पहिल्याच पानावर मामांचा उल्लेख केला. मामांनी ते पान मामींना तीनदा वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गोदामात घेऊन आले.

मामींनी नवी कांडी उलटसुलट करून पाहिली. "यात सोनं कुठंय हो?"

"आहे, पण इतकं बारीक, की डोळ्यांना दिसत नाही."

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय," मामी म्हणाल्या, आणि पदराने कांडी पुसून जपून तिच्या जागी ठेवली.