कागदवाले अप्पा

अप्पांच्या जुन्या कागदांना हात लावायचा तर आधी मोरीवर जाऊन हात धुवावे लागत. नुसते धुवून भागायचं नाही. दोन्ही तळवे उलटेसुलटे करून त्यांना दाखवावे लागत. आमच्या कॉलेजचे प्राचार्य एकदा ते कागद बघायला आले, तर त्यांनाही सुटका नव्हती. "सर, तुमी चिवडा खाऊन आलाव. तेलाचा डाग कागद इसरत न्हाई," असं म्हणून अप्पांनी त्यांना परत मोरीवर पाठवलं. प्राचार्य हसत गेले. अप्पा मात्र हसले नव्हते.

उदगीरच्या जुन्या मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान होतं. व्यापार आता मुलगा बसवराज नव्या मार्केट यार्डातून बघायचा आणि जुन्या दुकानात फक्त अप्पा बसायचे. मागच्या खोलीत दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. त्यांत लाल कापडात बांधलेली कागदांची गाठोडी होती. अप्पा त्यांना 'रुमाल' म्हणायचे. सहा-सात पिढ्यांची पत्रं, पावत्या, लग्नाच्या याद्या, सगळं त्यात होतं. बहुतेक मोडीत, थोडं कानडीत, काही फारसीत. गावात त्यांच्या नावाचे आणखी दोन-तीन अप्पा असल्यामुळे लोक यांना 'कागदवाले अप्पा' म्हणत.

मी तेव्हा तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. माहेर कंधारचं. नांदेडला एका वर्गात मोडी शिकले होते, एवढंच भांडवल. एक दिवस पांढरं धोतर, कपाळाला विभूती, अशी उंच मूर्ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "शरणार्थ. मोडी वाचणाऱ्या म्याडम कोन हायेत?" मी हात वर केला. अप्पांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "लई ल्हान हाव की तुमी." मग जरा थांबून, "चालतंय. कागद म्हातारे हायेत, वाचणारं तरणंच पायजे."

बसवराजला जुनं दुकान पाडून तिथं नवी इमारत बांधायची होती. त्याआधी पेट्यांत काय आहे ते कळावं, असं अप्पांचं म्हणणं. शिवाय लिंगायत समाजातली मंडळी एक स्मरणिका काढणार होती आणि तिच्यात अप्पांचे पूर्वज गुरलिंगप्पा यांच्यावर मोठा लेख यायचा होता. गुरलिंगप्पा हे त्या घराचे मूळपुरुष. बैलांच्या तांड्यावर कापूस आणि धान्य घालून बीदर-हैदराबादपर्यंत व्यापार करणारे. दुष्काळात त्यांनी आपली पेवं, म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठारं, गावासाठी उघडली, असं उदगिरात अजून सांगतात.

मग आठवड्यातून तीन दुपारी मी तिथं जाऊ लागले. मी एक ओळ वाचायची, अप्पा तीच ओळ आपल्या बोलीत परत म्हणायचे. "बैल दोन लंगडे जाहले" असं मी वाचलं की ते म्हणायचे, "दोन बैल लंगडायलेत बगा," आणि जणू बैल दारात उभे आहेत असे काळजीत पडायचे. ज्यानं लिहिलं तो माणूस आताच उठून बाहेर गेलाय, अशा आवाजात ते विचारायचे, "मग? फुडं काय म्हनतो?"

एक गोष्ट त्यांना अजिबात खपायची नाही. अक्षर लागत नसलं की मी अदमासानं शब्द बसवून पुढं सरकायची. आवाजावरून त्यांना ते बरोबर कळायचं. "अंदाज नगं, माय. लागत नसंल तर लागत न्हाई म्हना. त्या मान्साच्या तोंडी आपला शबूद घालू नगा." मग मी वहीत मोकळी जागा सोडायची. आज माझे विद्यार्थी अशी जागा सोडतात, तेव्हा मला बरं वाटतं. ही शिस्त कुणाची ते त्यांना ठाऊक नाही.

वाचत वाचत दुष्काळाच्या सालाच्या कागदांपर्यंत आलो, तेव्हा पेवं उघडल्याचा कागद खरोखरच सापडला. कुठल्या गल्लीत किती धान्य दिलं, कुणाला घरपोच पाठवलं, सगळं लिहिलेलं. अप्पांनी तो कागद कपाळाला लावला. बसवराजला फोन करून बोलावून घेतलं, त्यानं मोबाइलवर फोटो काढले, पेढे आले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात सात पिढ्यांचा रुबाब होता.

त्याच रुमालात, चार कागदांनंतर, गौरव्वाचं पत्र निघालं.

गौरव्वा ही गुरलिंगप्पांची लेक, कंधारकडच्या एका खेड्यात दिलेली. पत्र गावच्या कुलकर्ण्याकडून लिहवून घेतलेलं असावं. मी वाचत गेले. "तीर्थरूप अप्पांचे सेवेसी, अपत्ये गौरव्वाने शिरसाष्टांग नमस्कार. मला ज्वर येऊन महिना जाहला. येथे कोणी पुसत नाही. गाडी पाठवावी. आपले घरी चार दिवस राहिल्याने बरी होईन. गाडी अवश्य पाठवावी." पाठीमागं वेगळ्या, जाड हातानं एक ओळ होती. हा हात आता आम्हाला ओळखू येत होता. तो खुद्द गुरलिंगप्पांचा. "कापसाच्या गाड्या परत आल्यावर पाहू."

त्याच्याखालीच एक चिटोरं होतं. सासरकडून आलेलं, दोन ओळींचं. गौरव्वा लिंगैक्य झाली, म्हणजे वारली. तिथी दिली होती. दोन कागदांत एकवीस दिवसांचं अंतर होतं.

अप्पांनी या वेळी ओळ परत म्हटली नाही. "पुन्ना वाचा," म्हणाले. मी वाचलं. "गाडी पाठवावी, असं हाय का? दोनदा?" मी म्हटलं, हो, दोनदा आहे. अप्पा रुमाल बांधायला लागले, पण गाठ काही त्यांच्या हातून बसेना. शेवटी मीच बांधली.

बसवराजला कळल्यावर तो सरळ म्हणाला, "अप्पा, हे स्मरणिकेत द्यायचं न्हाई. पेवाचा कागद द्या. घरातली गोष्ट घरात." त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. दोन दिवसांनी अप्पांचा मला फोन आला. "माय, रविवारी मोकळ्या हाव का? नांदेडला यायचं माझ्यासंगं. ते पत्र वाचून दावायचं हाय एकीला."

बस जळकोटच्या पुढं गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. इतके महिने मी त्या घरी जात होते, पण अप्पांना एक मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. महादेवी, बसवराजची थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या माराला कंटाळून ती बॅग घेऊन थेट दुकानाच्या दारात आली होती. "माल उतरायलता. हमाल, गिऱ्हाईक, समदे बगायलते. मी म्हनलो, आता परत जा, हंगाम सरला की तुज्या सासऱ्याशी बोलतो." ती परत गेली, पण सासरी नाही. नांदेडला जाऊन नर्सिंग शिकली आणि एका दवाखान्यात लागली. "आन मग?" मी विचारलं. अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग काय. हंगाम सरला. मी बोललो न्हाई."

महादेवीआक्कांचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार उघडून त्यांनी वडिलांकडं पाहिलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "कशाला आलाव?" अप्पांनी माझ्याकडं बघितलं. तिथंच जिन्यात उभं राहून मी गौरव्वाचं पत्र वाचलं. मग पाठीमागची ओळ. मग ते चिटोरं. शेजारचं दार उघडून कुणीतरी डोकावलं आणि परत आत गेलं.

आक्का म्हणाल्या, "हिनं एकदाच कळवलं. मी तीनदा फोन केलता."

"हाव," अप्पा म्हणाले. "तीनदा. मी बाजूलाच बसलेलो असायचो. उचललो न्हाई."

एवढंच. माफी हा शब्द त्यांनी काढला नाही, बहुधा तो त्यांना येतही नसावा. आक्का बाजूला सरकल्या आणि मला म्हणाल्या, "आत या. तीन जिने चढून दम लागला असंल त्यांना." वडिलांशी त्या जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. पण ताट वाढताना भाकरी कुस्करून, वर गरम वरण ओतून त्यांच्यापुढं ठेवली. अप्पांचे दात गेलेले होते, हे त्यांनी केव्हा पाहिलं कुणास ठाऊक. अप्पा खाली मान घालून जेवले. निघताना आक्का म्हणाल्या, "मी तिकडं राह्यला येनार न्हाई." अप्पा म्हणाले, "नगं येऊ. मी येत जाईन."

आणि ते जात राहिले. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, पहिल्या बसनं. पहिले काही महिने आक्का त्यांना जेवू घालायच्या आणि ड्युटीवर निघून जायच्या. अप्पा त्या रिकाम्या घरात एकटेच बसून राहायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचे. मी एकदा म्हटलं, अप्पा, मग जाता कशाला? "तिला वाटंल तवा बोलंल. मी हाजीर पायजे," ते म्हणाले. आक्का बोलायला लागेपर्यंत सात-आठ महिने गेले. पहिलं वाक्य ब्लडप्रेशरच्या गोळीबद्दल होतं, असं अप्पांनी मला फार कौतुकानं सांगितलं.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. अप्पांनी पेवाचा कागद वाचला, टाळ्या पडल्या. मग खिशातून दुसरा कागद काढला, माझ्या अक्षरातली नक्कल. बसवराज पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला. अप्पांनी पत्र वाचलं, पाठीमागची ओळ वाचली, ते चिटोरं वाचलं. शेवटी म्हणाले, "मूळपुरुष आमचेच हायेत. पेव बी त्यांनीच उघडलं, गाडी बी त्यांनीच पाठवली न्हाई. फुडं लिवताल तवा दोन्ही लिवा." टाळ्या पडल्या नाहीत. काही मोठी माणसं चहाला न थांबता गेली. मागून एक म्हातारी काठी टेकत आली आणि अप्पांना विचारू लागली, "तिला पोरबाळ होतं का रे बाबा?" अप्पा म्हणाले, "कागदात न्हाई, आव्वा." त्यांनी तिथंही अंदाज केला नाही.

पुढच्या वर्षी मला लातूरला कायमची नोकरी लागली. पेट्या अप्पांनी एका संग्रहालयाला देऊन टाकल्या आणि जुनं दुकान पाडायला बसवराजला होकार दिला. मला निरोप देताना म्हणाले, "कागद वाचायला मान्सं मिळतील. तुमी तुमच्या बापाला फोन करत जावा." मी करत गेले, नंतर नंतर आम्हाला दोघांनाही त्याची सवय झाली.

अप्पा गेल्याचं आक्कांनीच कळवलं. शेवटचे वीस दिवस त्या रजा घेऊन उदगीरला येऊन राहिल्या होत्या. दुकानाच्या दारातून परत फिरल्यापासून त्या घरात राहायची ती पहिलीच वेळ. मी पोचले तेव्हा अप्पांना फुलांनी सजवून बसवलं होतं, कपाळभर विभूती. समाधीच्या खड्ड्यापाशी जंगमस्वामींनी बेलाची पानं आणि विभूती तबकात धरून मुलाला पुढं बोलावलं. बायका रिवाजाप्रमाणं लांब, कडुलिंबाखाली थांबल्या होत्या. बसवराज पुढं झाला, ओंजळ भरली आणि तसाच थांबला. स्वामींनी त्याला पुन्हा हाक मारली. तो वळला आणि गर्दीवरून लिंबाकडं बघत मोठ्यानं म्हणाला, "आक्का, ये. तू आधी."

माणसं बाजूला झाली आणि वाट मोकळी झाली. आक्का आल्या.