पंपाचा आवाज

आज सौदीतल्या धाहरानमध्ये एका जुन्या पिकअपजवळून जाताना तापलेल्या ऑइलचा वास आला आणि मी थबकले.

अशीच पिकअप ह्यांनी दुरुस्तीला घरी आणली होती. ऑइलचा लाल दिवा विझत नव्हता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायची, ही ह्यांची पद्धत. त्या दिवशी मूठ माझ्या कानाशी धरली. "ऐक गं, पंप कसा वाजतोय?"

"दाणे भरडल्यासारखी घरघर येतेय."

"तेच म्हणतोय मी," हे हसले.

केवढी मिरवले मी!

हे वारल्यावर त्यांच्या दोस्ताने सांगितलं, ह्यांचे कान केव्हाच गेले होते; समोरच्याचे ओठ बघून भागवायचे. कफीलला, म्हणजे तिथल्या मालकाला, कळलं तर नोकरी जाईल, म्हणून घरीही बोलले नाहीत.

दिवा मालवल्यावर अंधारात मी किती बोलायचे त्यांच्याशी. हे नुसता माझा हात दाबायचे.