झुबाराच्या बांधाआडचा काकवीचा वास

आधीच सांगून टाकतो — मी गॅस प्लांटमधला इन्स्ट्रुमेंटेशनवाला. आमच्याकडे वास घ्यायचं कामसुद्धा सेन्सर करतो. अमानवीय गोष्टींच्या गप्पांत फाटे फोडणारा जो एक नग असतो ना, तो मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहितो.

गेल्या हिवाळ्यात आई कोल्हापूरहून आमच्याकडे आखातात, अल वक्राला आली. त्याआधी एका तापात तिचं नाक गेलं ते गेलंच. वास नाही, चव नाही. जी बाई उंबऱ्यातून ‘आमटीत हिंग राहिला’ म्हणून सांगायची, ती आता ‘समदं मातीवानी लागतंय’ म्हणत दोन घासांवर ताट सारायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. खाणंच सुटल्याने ती निम्मी झाली होती. मला मनातून फार भीती वाटायची.

जरा मन रमेल म्हणून एका शुक्रवारी सकाळी आम्ही उत्तरेला निघालो — मी, बायको स्वाती, मुलगी रेवा आणि आई. किनाऱ्यावरचं ओस पडलेलं जुमैल गाव पाहिलं, मग झुबारा. एकेकाळी मोत्यांच्या व्यापारावर गबर झालेलं शहर, आता वाळूत गेलेलं. शहराची तटबंदी म्हणजे वळत वळत समुद्राला टेकलेला मातीचा लांबलचक बांध.

बांधातल्या वाटेपाशी आई थांबली आणि पर्समधून गूळ-खोबरं काढलं.

"आई, हे काय? हेरिटेज साइट आहे ही!"

"आसंल. म्हणून गावाला शीव नसती व्हय? परक्याच्या शिवंत तसंच शिरायचं?"

तेवढ्यात सिक्युरिटीवाला आलाच. "अम्मा, इधर कुछ रखना मना है."

आईने क्षणभर विचार केला आणि गूळ-खोबरं त्याच्याच हातावर ठेवलं. "शिवेचा राखणदार तूच न्हवं? मग तूच खा." त्याला एकही शब्द कळला नसणार, पण हसत खाऊन मोकळा झाला.

"आजी, यू आर सो फनी!" रेवा म्हणाली.

बांध ओलांडून आम्ही आत गेलो. थोडं चाललो असू, तोच आई थबकली. मान वर करून म्हणाली, "काकवीचा वास येतोय."

मी चरकलो. ऊन लागलं म्हणावं तर जानेवारीचा गार वारा... आजूबाजूला झाड नाही, चूल नाही, माणूस नाही. आम्हा कुणालाच कसला वास नव्हता.

"आरं, कढई उतरायला आलीया! तुमची नाकं गेली का काय?" असं म्हणून पदर खोचला आणि निघाली की! पडक्या भिंतींमधून डावीकडे, उजवीकडे, माहेरच्या गल्लीत फिरावं तशी. मी आपला मागे धावतोय.

एका छोट्या खोलीपाशी ती थांबली. जमिनीत शेजारी शेजारी पन्हळी कोरलेल्या, कोपऱ्यात रांजणाचा खड्डा. "हितनंच येतोय," ती म्हणाली.

पलीकडच्या अंगाला बोर्ड होता. मी वळसा घालून वाचला. या खोलीत खजुराच्या गोण्या रचत. वजनाने पाझरलेला पाक पन्हळींतून रांजणात उतरायचा. खजुराची काकवीच म्हणा! हे सगळं केव्हाच बंद पडलेलं, शहरासकट. आणि आईला इंग्रजी येत नाही. आलं असतं तरी आम्ही आलो त्या बाजूने बोर्ड दिसतच नव्हता.

आई हसत होती, डोळे पुसत होती. मी तिला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडलो.

येताना रस्त्यातल्या कॅफेटेरियात तिने कडक चहा भुरकला, "विलायची जास्त पडलीय" म्हणाली, आणि दोन पराठे संपवून तिसरा मागवला. संध्याकाळी घरी बाहेरच्या खोलीतून हाक आली — "स्वाती, मोहरी करपली बघ!" स्वाती झारा घेऊन तशीच बाहेर नाचत आली. सासूच्या बोलण्याने एवढी खूश झालेली सून मी तरी पाहिली नाही.

तुम्ही म्हणाल, गेलेलं नाक कधीकधी आपोआप परत येतं. डॉक्टरही तेच म्हणाले. मान्य. पण जे तिथे नाहीच त्याचा वास कसा आला? आणि त्याने तिला नेमकं त्या खोलीशी कसं नेलं? खरं सांगू, उत्तर शोधायची इच्छाच उरली नाही.

आईला मात्र यात नवल करण्यासारखं काहीच वाटत नाही. तिचं म्हणणं एवढंच —

"आरं, गुऱ्हाळाच्या दारात आलेल्या माणसाला तोंड गोड केल्याबिगर कुणी लावून देतंय व्हय?"