शंभर टक्के निकाल

पेपर परत देताना लेले मास्तर गुण लिहिलेला कोपरा फाडून कोटाच्या खिशात टाकत आणि मगच कागद आमच्या हातात देत. "गुण मी सांभाळतो, तुम्ही चुका सांभाळा," म्हणत. सातारच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. आपला नंबर कितवा हे सहामाहीपर्यंत कुणाला कळायचं नाही. हुशार पोरांचे वडील त्यावरून भांडायला येत, आणि मास्तर त्यांना चहा पाजून वाटेला लावत.

मी वाईजवळच्या खेड्यातला. तोंड उघडलं की वर्ग हसायचा. एकदा मास्तरांनी मला फळ्यापाशी उभं करून उसाला पाणी कसं देतात ते विचारलं. मी सांगत गेलो आणि त्या पाटाच्या पाण्यावरून ते वर्गाला प्रमाण शिकवत गेले. तास संपल्यावर म्हणाले, "तू उशिरा पोचणारा गडी आहेस. पण पोचशील. मला घाई नाही." त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या शब्दाबाहेर गेलो नाही.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेलो त्याच वर्षी मास्तर हेडमास्तर झाले. लढाई चालू होती. थोरला भाऊ पलटणीत, शेतावर माणूस नाही. वडिलांनी बजावलं होतं, यंदा मॅट्रिक, नाहीतर औत. आणि शाळेच्या चाचणी परीक्षेत मी इंग्रजीत थोडक्यासाठी गेलो. शाळेनं माझा मॅट्रिकचा फॉर्म अडवला. काठावरच्या पोरांना परीक्षेला बसूच द्यायचं नाही, म्हणजे निकाल चांगला दिसतो, ही युक्ती गावोगावच्या शाळा करत. लेले मास्तर असलं काही करायचे नाहीत, असं मी पोरांना छातीठोकपणे सांगत आलो होतो.

वडील सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला आले. मला घेऊन मास्तरांसमोर उभे राहिले.

"आवं मास्तर, बसू तर द्या पोराला. नापास झाला तर आमी तुमास्नी बोल लावनार न्हाई."

"यंदा शंभर टक्के निकाल लागायचा आहे. पुढच्या वर्षी बसवू."

"फुडच्या वर्षी त्यो रानात असंल."

"माझा नाइलाज आहे," मास्तर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

निकाल शंभर टक्के लागला, शाळेत पेढे वाटले, हे मला रानात तण काढताना, भांगलण करताना कळलं.

लढाई संपून भाऊ परतला तसा मी माधवनगरच्या गिरणीत लागलो, आणि पाळी सांभाळून बाहेरून परीक्षेला बसलो. पास झालो. मास्तर तेव्हा निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे राहत होते. राग होता, तरी सांगायला त्यांच्याकडेच गेलो. दुसरं कोण होतं सांगायला? त्यांनी पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे.

मग मी विचारलं, "मास्तर, त्या वर्षी मी नापास होईन असं वाटलं होतं तुम्हाला?"

खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, "नाही रे. पास होशील असंच वाटत होतं. पण खात्री नव्हती."

मी समोरचा चहा तसाच ठेवून उठलो. पुन्हा त्या घरी गेलो नाही. मी त्यांना मठ्ठ वाटलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पास होईन असं वाटत असूनही त्यांनी मला दारात अडवलं, हे मला आजही सोसत नाही.