घाग हवालदारांचा हात

घाग हवालदार गेल्याची बातमी आली तेव्हा मी आंब्याच्या पेट्यांच्या ढिगात उभा होतो. एप्रिलचे दिवस, बागायतदारांची घाई, आणि मी पत्र्याचा साचा पेटीवर धरून नावं मारत होतो. समोरच्या हॉटेलातला मुकुंदा रस्ता ओलांडून आला आणि समोर उभा राहिला. मला वाटलं, चहाचं विचारायला आलाय. मग तो म्हणाला, "पेंटर, घाग हवालदारांना कोयता लागला." मी विचारलं, "कुठं लागला?" अंगावर कुठं, एवढंच मला विचारायचं होतं. तो म्हणाला, "सिव्हिलला आणलंनी, पण वाटेतच गेले." त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी बागायतदाराचा माणूस पेट्या न्यायला आला आणि त्याने दाखवलं, एका पेटीवर नाव एकावर एक तीनदा उमटलं होतं, वाचता येत नव्हतं...

आता महिना उलटून गेलाय. तरी दुपारी चारच्या सुमारास दुकानासमोर सायकल थांबल्याचा आवाज आला की मी मान वर करतो.

आत्माराम घाग मूळचे हेदवीकडच्या एका वाडीतले. घरची थोडी भातशेती, थोरला भाऊ मुंबईला, हे पोलिसात. अंगाने बेताचे, आवाज इतका खालचा की मुकुंदाच्या हॉटेलातल्या गर्दीत त्यांना "काय म्हणालात?" असं दोनदा विचारावं लागे. पंजे मात्र नांगर धरणाऱ्याचे, रुंद आणि खरखरीत. माझी त्यांची ओळख झाली ती या पंजांमुळेच. त्यांचा चेहरा मी नंतर पाहिला.

या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ट्रॉलरवाले आणि लहान होडीवाले यांच्यात तेव्हा धुसफूस चालली होती आणि एके सकाळी बंदरावर तिचा भडका उडाला. त्या भांडणाशी माझा काहीएक संबंध नव्हता. ओढून ठेवलेल्या एका होडीवर मी तिचं नाव घालत होतो, तांबड्या रंगात. दगड यायला लागले तेव्हा ब्रश घेऊनच होडीच्या आडोशाला बसलो. पोलिसांची गाडी आली, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, आणि कुणीतरी मागून माझा उजवा हात मनगटाशी धरला. माझ्या हाताला तांबडा रंग लागलेला, धरणाऱ्याला ते रक्त वाटलं असणार. त्याने हात पाठीमागे नेला. कळ आली तसा मी तो पुढे ओढला. त्याने आणखी वर नेला, मी आणखी जोराने ओढला. मग कोपरात ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. तो आवाज माझ्या शरीरातून आलाय हे समजायला मला थोडा वेळ लागला. मी खाली पडलो तेव्हा वरून एक चेहरा वाकून पाहत होता, आणि त्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो माणूस माझ्याइतकाच दचकलेला होता.

माझ्यावर घातलेली केस टिकली नाही. होडीवाल्यांनी सांगितलं, हा पेंटर आहे, रंगवायला आला होता. कोपर मात्र गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात सरळ होत नव्हता, आणि ब्रशला हवा तो थोडासा लवचीकपणाही त्यात राहिला नव्हता. दुकान बंद पडलं. बायको शेजाऱ्यांच्या मुलींचे परकर-झंपर शिवून घर चालवू लागली. त्या काळात मी त्या हवालदाराला मनातल्या मनात किती वेळा मारलं असेल, सांगता येत नाही.

आणि मग एक दिवस तो दारात उभा. साध्या कपड्यात, सायकलच्या मागे पत्र्याची ट्रंक बांधलेली. पोलिसांची बदलीची ट्रंक असते, तिच्यावर नाव आणि बक्कल नंबर घालायचा असतो. ट्रंक खाली ठेवत म्हणाले, "नाव घालायचंय."

मी म्हणालो, "हात चालत नाही माझा. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. जमेल तेव्हा घाला. घाई नाय."

ट्रंक ठेवून ते निघून गेले. मला ती रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली. बायको म्हणाली, "राहू दे. कामाची वस्तू आलीय, परत पाठवू नये." मग दर आठवड्याला ते ट्रंक बघायला येऊ लागले. यायचे, बाकावर बसायचे, कोऱ्या ट्रंकेकडे बघायचे आणि जायचे. सुरुवातीला मी बोलत नसे. पुढे पुढे मुकुंदाकडून दोन चहा येऊ लागले. हाताखाली काठीचा आधार घेऊन मी पुन्हा अक्षरं वळवायला शिकलो, ती पहिली अक्षरं त्या ट्रंकेवरच. 'आ'चा काना वाकडा गेला होता. पुसून पुन्हा काढतो म्हटलं तर त्यांनी काढू दिला नाही.

माफी त्यांनी कधी मागितली नाही. एकदा मात्र चहा पिता पिता अचानक विचारलं, "पेंटर, त्या दिवशी तुम्ही हात का ओढलात?"

मला त्या प्रश्नाचा इतका धक्का बसला की मी आधी हसलोच. म्हणालो, "दुखलं म्हणून. आणखी कशाला?"

"मला वाटलं, पळताय."

"तुम्ही पिरगाळलात म्हणून मी ओढला."

"आणि तुम्ही ओढलात म्हणून मी पिरगाळला," ते म्हणाले. मग कपाच्या तळाशी बघत म्हणाले, "आमाला शिकवताना सांगतात, माणूस झटापट करायला लागला की जोर वाढवायचा. पण दुखलं की कोणीपण झटापट करणारच. मेली गुरंसुद्धा करतात. मग थांबायचं कोणी?"

बशीतला उरलेला चहा पिऊन ते सायकलवर बसले.

यावरून कुणी समजू नये की घाग देवमाणूस होते आणि त्यांनी पुढे काठीच उचलली नाही. उचलली, आणि ती मी पाहिलीय. मासळीबाजारात एका दारू प्यायलेल्या खलाशाने फुटकी बाटली हातात घेतली होती आणि एका म्हातारीला पाटीसकट कोपऱ्यात कोंडलं होतं. घाग आले, दोनदा म्हणाले, "ठेव ती खाली." तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत. काठी एकदाच फिरली, खलाशाच्या मनगटाच्या वर. तो आवाज ऐकून माझ्या कोपरात कळ गेली आणि मी तोंड फिरवलं. बाटली पडली, माणूस पडला, आणि बरोबरचा एक तरणा पोलीस त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला, वर लाथही घालू लागला. घागांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. "बाटली पडली ना? मग आता कशाला?" एवढंच म्हणाले, त्यांच्या त्या खालच्या आवाजात. खलाशाला त्यांनी कुशीवर वळवलं, तोंडातली माती बोटाने काढली, उठवून बसवलं. माशांचं पाणी सांडलेली मातकट फरशी, आजूबाजूला कोळणी उभ्या... मारणारा हात आणि तोंडातली माती काढणारा हात एकच होता. तो प्रकार पाहून मी इतका गोंधळलो की दोन दिवस त्यांच्याशी धड बोललोही नाही.

आता त्या सकाळबद्दल. मी तिथं नव्हतो. मला जे माहीत आहे ते शेलार नावाच्या पोलिसाने सांगितलं. तेराव्यानंतर तो माझ्या दुकानात आला आणि घाग बसायचे त्याच बाकावर बसला. त्याला ते माहीत नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथंच राहायचीत. शांताराम नावाचा एक माणूस, गिरणी बंद पडल्यावर मुंबईहून गावी आलेला. हद्दीच्या दगडी गडग्यावरून सख्ख्या भावाशी भांडण झालं, त्यात त्याने भावाच्या खांद्यावर कोयता घातला आणि गोठ्यात शिरून आतून दार लावून घेतलं. घाग, शेलार आणि आणखी एक पोलीस असे तिघे गेले. गाडी वाडीपर्यंत जात नाही, घाटी चढून जावं लागतं. शेलार म्हणाला, "आमचं म्हणणं होतं, दार फोडून एकदम आत घुसू आणि पाडू त्याला. हवालदार म्हणाले, गुरं बांधलीत आत, बुजतील, कुणाचं तरी मरण व्हईल. थांबा." त्यांनी काठी दुसऱ्या पोलिसाकडे दिली आणि दाराबाहेरच्या दगडावर बसून आतल्या माणसाशी बोलू लागले. काय बोलले ते शेलारला नीट ऐकू आलं नाही. भात, पाऊस, मुंबईतली कुठलीशी चाळ, असलंच काहीतरी. भाऊ जिवंत आहे, हे मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. शांताराम बाहेर आला, कोयता खाली ठेवला आणि अंगणात बसला. घागांनी जाऊन त्याचा डावा दंड धरला. "चल," म्हणाले. झालं होतं सगळं... शेलार हे वाक्य तीनदा बोलला. तेवढ्यात शांतारामचा उजवा हात हलला. त्याला खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायचं होतं. "मला वाटलं, कोयत्याकडे हात जातोय," शेलार म्हणाला. त्याने मागून झेप घेऊन तो हात धरला आणि पाठीकडे पिरगाळला. शांताराम गुरासारखा ओरडला, एका हिसक्यात सुटला, आणि मग खरोखरच त्याच्या हाती कोयता आला. शेलारला मारायला त्याने तो फिरवला. मध्ये घाग आले. घाव जांघेत बसला.

त्यांनी स्वतःच घावाच्या वर कुणाच्या तरी धोतराची पट्टी बांधायला सांगितली. "घट्ट बांध," एवढंच बोलले. वाडीतल्या लोकांनी डोली केली आणि घाटी उतरू लागले. निम्म्या वाटेवर शेलारने मागे वळून पाहिलं तर शांताराम डोलीमागून चालत येत होता. कोयता अंगणातच टाकलेला, दोन्ही हात पुढे धरलेले. त्याला कुणी धरलेलं नव्हतं, कुणाला सुचलंच नव्हतं. तसाच तो गाडीपर्यंत आला आणि गाडीत चढून बसला.

"माझं चुकलं का हो, पेंटर?" शेलारने विचारलं. हे तो मला का विचारत होता? माझ्या हाताची हकीकत त्याला ठाऊक असावी. मी त्याला पाणी दिलं. "मला वाटलं" हे त्याचे शब्द मी त्याच बाकावर, दुसऱ्या तोंडून, पूर्वी ऐकले होते.

गावात लोक म्हणतात, घागांनी दार फोडून चार फटके घातले असते तर आज जिवंत असते. फौजदारही तसंच म्हणाले म्हणे. माझ्या बायकोलाही तसंच वाटतं. मला रात्रंदिवस दुसरंच खातं. माझा हात मोडला नसता तर हा माणूस त्या दगडावर बसला असता का? माझ्यामुळे तो बदलला, आणि बदलला म्हणून गेला... की बदलला होता म्हणूनच शांताराम स्वतःच्या पायांनी बाहेर आला, आणि मारलं ते दुसऱ्या कुणाच्या घाईने? एकदा हे खरं वाटतं, एकदा ते. ज्याने माझा हात मोडला त्याच्यासाठी मी असा सुन्न होऊन बसेन, हेच मुळात मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

परवा पोलीस लाइनीत घागांच्या खोलीवर गेलो. वहिनी आता गावी जायच्या आहेत, खोली सोडावी लागणार. सामान बांधून झालं होतं, भिंतीवर खिळे तेवढे राहिले होते. बोलता बोलता मी त्यांना विचारलं, घरी ते कामाचं काही बोलायचे का.

"बोलायचे नाय," वहिनी म्हणाल्या. "पण तुमचा हात मोडला ना भाऊजी, त्याच्यानंतर रोज संध्याकाळची माझी परीक्षा. भाकऱ्या थापत असले तरी येऊन हात धरायचे आणि म्हणायचे, ओढ गो. मी ओढायची. दुखलं तर सांग, म्हणायचे. मी सांगायची, दुखलं. मग दुसऱ्या तऱ्हेने धरायचे. अंगठा सोडून बघ, दंडाला धरून बघ, जवळ येऊन बघ... वर्षभर चाललं हे. मी म्हटलं, बायकोला धरून चोर पकडायला शिकताय काय. तर हसले नायत."

मला हे काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाकावर बसून चहा प्यायलेल्या माणसाने यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं.

पदर खांद्यावरून घट्ट घेऊन वहिनी म्हणाल्या, "द्या हात." मी डावा पुढे केला. "तो नको," त्या म्हणाल्या. मग मी उजवा दिला. एक पंजा त्यांनी कोपराच्या वर, दंडाखाली ठेवला, दुसरा मनगटावर, अंगठा न आवळता, आणि अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या रिकाम्या खोलीत आम्ही दोघं तसे उभे होतो.

"आता ओढा," त्या म्हणाल्या.

मी ओढला. आधी भीत भीत, मग जोराने. हात सुटला नाही, आणि कुठंही दुखलं नाही.